लोटा, चष्मा आणि पाण्याची बाटली

१८१८ च्या मार्च महिन्यात नागपूरच्या महालात, स्वतःच्याच वाड्यात, मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले इंग्रजांचे कैदी झाले. सीताबर्डीची लढाई हरून चार महिनेही झाले नव्हते. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला त्यांचा भरवसा वाटत नव्हता. मे महिन्यात पहाऱ्यात त्यांची अलाहाबादकडे रवानगी झाली. वाटेत जबलपूरजवळ मुक्काम पडला असता आप्पासाहेब शिपायाचा वेश चढवून रातोरात छावणीतून निसटले. बिछान्यात त्यांच्या जागी उशी ठेवली होती आणि पहारेकऱ्याने आत डोकावले तेव्हा नोकर त्या उशीचेच पाय चेपत बसले होते, अशी हकिकत त्या काळच्या इंग्रज इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे.

नागपूरकर ही गोष्ट राजाच्या पलायनाची म्हणून सांगतात. तिच्यात कैदेचीही एक नोंद दडलेली आहे. राज्य गेलेले, तलवार गेलेली, भोवती कंपनीच्या फौजेचा पहारा; तरी या कैद्याला तंबू होता, बिछाना होता, उशी होती आणि रात्री पाय चेपायला माणसे होती. कैदेत माणसाला काय मिळावे हे त्याच्या गरजेवरून ठरत नव्हते. तो कोण आहे यावरून ठरत होते. पुढची दोनशे वर्षे नागपुरात आणि नागपूरबाहेर या प्रश्नावरून जो झगडा झाला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

महालातला भोसल्यांचा जुना वाडा, काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा, १८६४ मध्ये आगीत बराचसा जळून गेला. नागपूरचे मध्यवर्ती कारागृह उभे राहिले तेही १८६४ मध्येच. वाड्यातून चालणारा कारभार संपून दशक उलटले होते. आता कायदा, कोर्ट आणि जेल असा नवा कारभार सुरू झाला होता. वर्धा रोडवरच्या, अजनीजवळच्या या तुरुंगात पुढे सत्याग्रही आले, क्रांतिकारक आले, आणीबाणीतले स्थानबद्ध आले. त्यांच्याबरोबर कायम राहिले ते भुरट्या चोरीचे, मारामारीचे, दारूबंदीचे, जंगल कायद्याचे आरोपी. त्यांची नावे इतिहासात येत नाहीत.

कंपनी सरकारने १८३० च्या दशकात तुरुंगसुधारणेचा विचार केला, तेव्हा मेकॉलेचा सहभाग असलेल्या समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला. कैदेची जरब बसली पाहिजे, असा त्याचा रोख होता. तोवर अनेक ठिकाणी कैद्याला रोजचा भत्ता मिळे, तो स्वतः शिधा घेई आणि स्वतः शिजवून खाई. ते बंद करून एकत्र मुदपाकखाना सुरू करायचा प्रयत्न झाला आणि बिहारच्या तुरुंगांत दंगे उसळले. १८५५ मध्ये त्याहून साधी वस्तू पेटली. कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी द्यायचा हुकूम आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत आला. लोट्याचा हत्यारासारखा वापर होतो, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. कैद्यांच्या दृष्टीने लोटा म्हणजे पिण्याचे पाणी, आंघोळ, शौच आणि जातधर्म सगळे एकत्र. मातीचे भांडे घासून पुन्हा शुद्ध करता येत नाही. मुझफ्फरपुरात कैद्यांच्या बाजूने शहरातले आणि आसपासच्या गावांतले लोक रस्त्यावर उतरले. अखेर सरकारने लोटे परत केले.

सत्तावनच्या उठावाच्या दोन वर्षे आधी घडलेल्या या प्रसंगात तुरुंगातल्या वस्तूंच्या भांडणाचा सारा साचा दिसतो. वस्तू क्षुल्लक असते. ती काढून घेण्याचे कारण नेहमी सुरक्षेचे असते. ज्याची ती वस्तू असते त्याच्यासाठी तिच्यात अब्रू अडकलेली असते. आणि ती परत मिळते ती बाहेरून कोणी आवाज केला तरच.

१८९४ मध्ये तुरुंगांचा कायदा झाला. त्यात एक उदार तरतूद आहे. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्या कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने किंवा घरच्यांकडून अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि 'इतर गरजेच्या वस्तू' घेण्याची मुभा कायद्याने दिली. ज्याला ते परवडत नाही त्याला कपडे आणि अंथरूण अधीक्षकाने पुरवावे, असेही त्यातच लिहिले. मात्र हे सारे तपासणीच्या आणि वरिष्ठांच्या नियमांच्या अधीन ठेवले. गरजेची वस्तू कोणती, हे ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने फाटकावरच्या माणसाच्या हाती गेला.

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेले, तेव्हा त्यांना स्वयंपाकाला एक मराठी कैदी मिळाला, पुस्तके मागवता आली, लिहायला कागद मिळाला. कागदालाही अट होती: सुटी पाने नाहीत, पृष्ठांकन केलेल्या बांधीव वह्या, शाई नाही, फक्त शिसपेन्सिल. त्या वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून झाले. १९१४ मध्ये सुटका झाली, पण वह्या हाती यायला आणखी काही काळ जावा लागला. त्याच वर्षांत अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये सावरकर आणि इतर राजकैद्यांना कोलूला जुंपले जात होते. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचे आणि शौचाला जायचे तेही ठरलेल्या वेळीच. दोघेही राजद्रोही, दोघेही मराठी, आणि दोघांच्या कैदेत जमीन-अस्मानाचे अंतर.

नागपूरच्या तुरुंगावर देशाचे लक्ष गेले ते १९२३ मध्ये. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज तुकड्या निघत, रोज अटक होई. जूनमध्ये जमनालालजींना पकडले, विनोबांनाही पकडले. जुलैत वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. गुजरात, बिहार, कर्नाटक, तमिळ मुलूख, सगळीकडून स्वयंसेवक नागपूरच्या स्टेशनवर उतरत होते. ऑगस्टमध्ये मिरवणूक अडवली गेली नाही आणि लढा संपला. सप्टेंबरच्या सुरुवातीला सत्याग्रही सुटले. तोवर दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगांत जाऊन आली होती.

झेंड्याची बाजू जिंकली. तुरुंगातली बाजू तितकी उजळ नव्हती. साधे कैदी म्हणून ठेवलेल्या तरुणांपैकी कितीतरी जणांचा धीर जेलच्या अन्नाने, कामाने आणि वागणुकीने खचला. माफी लिहून द्या आणि घरी जा, असा दबाव होता आणि बऱ्याच जणांनी ती लिहून दिली. हुबळीहून आलेले डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांचे साथी मात्र डगमगले नाहीत. त्या अनुभवातून शिस्तबद्ध स्वयंसेवक दलाची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली आणि त्याच वर्षअखेर काँग्रेसच्या काकिनाडा अधिवेशनात 'हिंदुस्थानी सेवा दल' आकाराला आले. तुरुंगातले पोटाचे हाल राजकारणाला कुठवर वळण देऊ शकतात, याचे हे नागपुरी उदाहरण. उपासमार आणि अपमान ही माफी मिळवण्याची हत्यारे होती, हे त्या पिढीने ओळखले.

सहा वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि साथीदारांनी उपोषण केले. बरे अन्न, स्वच्छ कपडे, अंघोळीचे सामान, वाचायला पुस्तके आणि वर्तमानपत्र, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतींद्रनाथ दास गेले. देश हादरला. सरकारने १९३० मध्ये नवे नियम केले: कैद्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग. वर्ग ठरवायचा तो कैद्याचे शिक्षण, सामाजिक दर्जा आणि राहणीमान पाहून. ज्याला घरी खाट होती त्याला तुरुंगात खाट. जो घरी जमिनीवर झोपत होता त्याला तुरुंगातही जमीनच.

त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पेटला. पुसदला बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला, यवतमाळला डॉ. हेडगेवारांनी. त्यांच्यामागे खेड्यापाड्यांतले शेतकरी आणि गोंड-कोरकू आदिवासी हजारोंनी उतरले. नव्या नियमांत पुढाऱ्यांसाठी वरच्या वर्गांची सोय होती. गवत कापणाऱ्या बहुसंख्य हातांच्या वाट्याला क वर्ग होता. लाहोरचे तरुण सर्व राजकैद्यांसाठी भांडले होते. सरकारने त्या मागणीचे रूपांतर पायऱ्यांत केले.

स्वातंत्र्यानंतर हा झगडा न्यायालयात गेला आणि त्याचा एक फार महत्त्वाचा निकाल मराठी पुस्तकामुळे लागला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी कोठडीत 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी त्यांनी मागितली. सरकारने नाकारली. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला नियमांनी जे दिले आहे तेवढेच त्याला करता येते. पुस्तक बाहेर पाठवणे त्या यादीत नाही, म्हणून त्याला तो हक्क नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद उलटा केला. नियम निर्बंध घालण्यासाठी आहेत. जो निर्बंध लिहिलेला नाही तो सरकारला लादता येणार नाही. अणूवरचे पुस्तक बाहेर आले, पण निकालाचे मोल त्याहून मोठे आहे. कैद्याला अमुक वस्तू का द्यावी, असा प्रश्न विचारण्याऐवजी ती का नाकारावी याचे उत्तर सरकारने द्यावे, ही दिशा त्याने दाखवली.

दहा वर्षांनी ती दिशाच पुसली गेली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. महालात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना ३० जूनला नागपूर स्टेशनवर पकडून येरवड्याला नेले. संघाबरोबर समाजवादी, जमाते इस्लामीचे लोक, डावे गट, सगळेच 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत गेले. आपली स्थानबद्धता तपासून पाहावी म्हणून देशभर याचिका दाखल झाल्या. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढच्या याचिकाही होत्या. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतातल्या न्यायमूर्ती बेग यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले, की स्थानबद्धांना चांगले घर, चांगले अन्न आणि चांगली वागणूक मिळते आहे आणि सरकार त्यांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते आहे.

हे शब्द लिहिले जाण्याच्या काही महिने आधी पाणीवाली बाई म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या मृणाल गोरे विदर्भातच, अकोल्याच्या तुरुंगात होत्या. मुंबईच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून हंडा मोर्चे काढणाऱ्या या बाईंना एकांतात ठेवले होते. शेजारी कुष्ठरोगी कैदी आणि समोर मानसिक आजाराने ग्रस्त, अंगावर वस्त्र न ठेवणारी, रात्रंदिवस ओरडणारी स्त्री. संडास सगळ्यांत मिळून एक. त्या दोन आजारी स्त्रियांची जागा दवाखान्यात होती आणि त्यांची दखल जगाने घेतली ती मृणालताई शेजारच्या कोठडीत होत्या म्हणून. त्या दोघींची नावे कुठे आलेली नाहीत.

आणीबाणीनंतर न्यायालयाने स्वतःला सावरले. १९७८ आणि १९८० च्या सुनील बात्रा प्रकरणांत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले, की तुरुंगाच्या फाटकातून आत जाताना माणूस आपले मूलभूत हक्क बाहेर ठेवून जात नाही. १९८३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून न्यायालयाने स्त्रियांसाठी वेगळ्या पोलीस कोठड्या आणि तिथे महिला पोलीस, असे आदेश दिले. पंधरा कैदी स्त्रियांशी बोलून त्यांनी कोठडीतली मारहाण पुढे आणली होती. मुल्ला समितीने त्याच वर्षी तुरुंगसुधारणेचा मोठा अहवाल दिला. कागदावर वाट तयार झाली.

तरीही २३ जून २०१७ ला भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला. त्या जन्मठेपेच्या कैदी होत्या आणि चांगल्या वर्तनामुळे त्यांना वॉर्डनचे काम दिले होते. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून वाद झाला आणि त्यांना बेदम मारहाण झाली, असा आरोप. तुरुंगातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी तुरुंगातल्या स्त्रियांनी छतावर चढून निषेध केला, तर त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा नोंदला गेला.

२०२० मध्ये नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगातून एकामागून एक अशा बातम्या आल्या. आदिवासींमध्ये काम करणारे, खटला सुरू होण्याची वाट पाहणारे ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. हातात पेला धरता येत नव्हता. ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस मागून घेतले आणि आपण त्या वस्तू जप्त केल्याच नाहीत, असे कळवले. तोवर लोकांनी निषेध म्हणून तळोजाच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली होती. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच प्रकरणातले पत्रकार गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात चोरीला गेला. त्याशिवाय त्यांना जवळजवळ दिसत नाही. घरून टपालाने आलेला नवा चष्मा तुरुंगाने परत पाठवला. ८ डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि एम. एस. कर्णिक यांनी माणुसकीची आठवण करून देत तुरुंगाधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आल्याचे सुनावले. २०२२ च्या मेमध्ये कबीर कला मंचाचा शाहीर सागर गोरखे याने पाणी आणि मच्छरदाणीसाठी तिथेच उपोषण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळोजातलाच एक गँगस्टर मेलेल्या डासांनी भरलेली बाटली घेऊन मुंबईच्या कोर्टात उभा राहिला. मच्छरदाणीची त्याची मागणी फेटाळली गेली.

स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला बंदिवासातच रुग्णालयात वारले.

या सगळ्याचा सर्वांत दीर्घ अध्याय नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात लिहिला गेला. दिल्ली विद्यापीठाच्या रामलाल आनंद महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे प्रा. जी. एन. साईबाबा यांना ९ मे २०१४ ला माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडून नागपूरला आणले. बालपणी पोलिओ झालेला, नव्वद टक्के अपंगत्व, चाकाची खुर्ची हाच पाय. त्यांना ठेवले अंडा सेलमध्ये, अतिसुरक्षेच्या अंडाकृती कोठड्यांत. तिथे संडासापर्यंत जायला कोणीतरी उचलून न्यावे लागे. मधे जामीन झाला, रद्द झाला, पुन्हा झाला. ७ मार्च २०१७ ला गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली आणि ते परत त्याच कोठडीत आले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी पत्नीला पत्र लिहून कळवले की थंडी तोंडावर आली आहे आणि आपल्याजवळ ना पांघरूण आहे ना स्वेटर. नागपूरची डिसेंबरातली रात्र ज्याने दगडी फरशीवर काढली असेल त्याला या मागणीचा अर्थ सांगायला नको.

२०२० मध्ये त्यांच्या आई हैदराबादला कर्करोगाने अत्यवस्थ होत्या. पॅरोल नाकारला गेला. १ ऑगस्टला त्या गेल्या. अंत्यदर्शनही झाले नाही. ऑक्टोबरमध्ये साईबाबांनी उपोषण जाहीर केले, कारणे औषधे, पुस्तके, पत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे अडवली जाण्याची होती. तुरुंगाने काही गोष्टी मान्य केल्यावर ते मागे घेतले. मे २०२२ मध्ये पुन्हा उपोषण. या वेळी कोठडीसमोर असा सीसीटीव्ही कॅमेरा बसवला होता, की अंघोळ आणि शौच त्यातून दिसावे. आणि दुसरी मागणी होती प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीची. नागपूरच्या मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. ज्याला हात नीट उचलता येत नाहीत, माठापाशी जाता येत नाही, त्याला बाटली म्हणजे तहान लागल्यावर दुसऱ्याची वाट न पाहता पाणी. चार दिवसांनी तुरुंगाने कॅमेऱ्याची दिशा आणि बाटली या मागण्या मान्य केल्या. मुझफ्फरपूरच्या लोट्याला तेव्हा १६७ वर्षे झाली होती.

ही बातमी छापून आली, कारण साईबाबा साईबाबा होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्येच त्यांच्या प्रकृतीसाठी सुटकेची मागणी केली होती. दिल्ली-हैदराबादेत त्यांचे मित्र होते, वकील होते, पत्नी रोज लढत होती. त्याच खटल्यात, त्याच तुरुंगात पांडू नरोटे होता. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला माडिया तरुण, वय ३३. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला ताप आला. वेळेवर रुग्णालयात नेले नाही, असा आरोप वकिलांनी केला. २५ ऑगस्टला स्वाइन फ्लूने तो गेला. बाटलीसाठीच्या उपोषणानंतर तीनच महिन्यांनी. त्याच्या तापाची बातमी झाली नाही. झाली ती मृत्यूची.

१४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने सगळ्यांना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने विशेष बैठकीत त्या निकालाला स्थगिती दिली. फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मिकी मेनेझिस यांच्या खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. ७ मार्चला साईबाबा चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आले. १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादच्या रुग्णालयात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पांडू नरोटे निर्दोष ठरला तेव्हा तो या जगात नव्हता.

न्यायालयांचा प्रवाह या काळात थांबलेला नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवरून कामे वाटणारी कलमे रद्द केली. झाडूकाम एका जातीला आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीला, ही सोय तोवर छापील नियमांत होती. १५ जुलै २०२५ ला तामिळनाडूच्या एका अपंग वकिलाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की आवडीचे अन्न हा हक्क होत नाही, पण अपंग कैद्याच्या गरजा पुरवणे तुरुंगाचे कर्तव्य आहे. तामिळनाडूतल्या तुरुंगांना अपंगांना वापरता येतील असे संडास, चाकाच्या खुर्च्या आणि उपचारांची सोय करायला सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत पिण्याचे पाणी कैद्याला लागेल तेव्हा मिळावे, असे सरळ वाक्य आहे. नागपूरच्या तुरुंगात कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता यावे म्हणून 'गळाभेट' कार्यक्रम झाला, तेव्हा याच भिंतींच्या आत माणुसकीला जागा करता येते हे दिसले. ती जागा अधीक्षकाच्या मनावर अवलंबून राहू नये, एवढाच मुद्दा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. क्षमतेच्या १३१ टक्के. त्यांतल्या शंभरातल्या पंचाहत्तरांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. हे सारे १८९४ च्या कायद्यातले तेच कच्चे कैदी, ज्यांना 'इतर गरजेच्या वस्तू' घेण्याची मुभा आहे. बहुतेकांकडे मनीऑर्डर पाठवणारे घर नाही, उपोषणाची बातमी छापणारे वर्तमानपत्र नाही.

त्यांच्यासाठी कायद्यात एक रचना आधीपासून आहे: अभ्यागत मंडळ. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि काही बिगरसरकारी नागरिक यांनी वेळोवेळी तुरुंगात जाऊन पाहणी करावी. माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या २०१३ च्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०१६ ला ही मंडळे कामाला लावा, असे सर्व राज्यांना सांगितले. नागपुरात हे मंडळ नियमित बसले पाहिजे आणि त्यात महाल, इतवारी, मोमिनपुऱ्यापासून एटापल्लीपर्यंतच्या लोकांना जागा मिळाली पाहिजे. त्यांनी अंडा सेल पाहावा, तसाच सर्वांत गर्दीची बराकही पाहावी. चष्मा, कुबडी, श्रवणयंत्र, सॅनिटरी पॅड, पांघरूण आणि पाण्याची बाटली यांना परवानगी लागत नाही, अशी लेखी यादी मराठी, हिंदी, गोंडी आणि माडियात फाटकावर लावून घ्यावी. नाकारलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख आणि कारण नोंदवहीत लिहिलेले असावे. ती नोंदवही दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर जावी आणि तापाने फणफणलेल्या कैद्याला किती तासांत डॉक्टरांनी पाहिले, हाही रकाना तिच्यात असावा.